पक्ष बदलला की चिन्ह का बदलते?

बीजगणिताच्या तासाला सर्वांत जास्त वेळा उच्चारले जाणारे वाक्य कोणते, असे विचारले तर बहुतेक शिक्षक एकच उत्तर देतील : 'संख्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला नेली की तिचे चिन्ह बदलते.' अधिकाचे वजा होते, वजाचे अधिक होते. गुणिले असेल ते भागिले होते आणि भागिले असेल ते गुणिले. जुन्या पुस्तकांत याला 'पक्षांतर' असे नाव होते. पक्षांतर केले की चिन्ह बदलते, यात रोज वर्तमानपत्र वाचणाऱ्याला नवल वाटू नये! पण राजकारणात चिन्ह का बदलते हे सर्वांना ठाऊक असते. वर्गात मात्र ते का बदलते हे विचारले, तर बहुधा 'तसा नियम आहे' एवढेच उत्तर मिळते.

आमची तक्रार या नियमाविरुद्ध नाही. नियम बरोबर आहे, सोयीचा आहे, आणि समीकरणे सोडवण्याची सवय असलेला प्रत्येक जण तो रोज वापरतो. तक्रार आहे ती त्याला दिलेल्या जागेविषयी. पाठ्यपुस्तकांत दोन्ही बाजूंवर समान क्रिया करण्याची रीत दिलेली असते. पण वर्गात, शिकवणीत आणि मार्गदर्शकांत ती पहिल्या एकदोन उदाहरणांपुरती उरते आणि तिसऱ्या उदाहरणापासून पक्षांतराचे राज्य सुरू होते. जो निष्कर्ष आहे तो आज्ञा म्हणून सांगितला जातो. समीकरण सोडवणे ही विद्यार्थ्याच्या आयुष्यातील शुद्ध तर्काची पहिली साखळी असते. तिच्या जागी आपण त्याच्या हाती एक मंत्र देतो. मंत्र चालतो तोवर काही बिघडत नाही. तो चालेनासा होतो त्या दिवशी विद्यार्थ्याजवळ दुसरे काहीच नसते.

बरोबरचे चिन्ह काय सांगते?

मूळ दोष पक्षांतराच्याही आधीचा आहे. तो '=' या चिन्हाच्या अर्थात आहे.

पहिलीपासून पाचवीपर्यंत मूल ८ + ४ = असे लिहिते आणि पुढे उत्तर मांडते. त्याच्या लेखी '=' म्हणजे 'आता उत्तर लिहा' अशी सूचना. गणकयंत्रावरची त्या चिन्हाची कळही हेच शिकवते. १९९९ साली अमेरिकेतील फाल्कनर, लेव्ही आणि कार्पेंटर यांनी एक साधा प्रश्न प्रसिद्ध केला : ८ + ४ = □ + ५, तर चौकटीत कोणती संख्या? सहावीच्या १४५ विद्यार्थ्यांपैकी एकानेही ७ असे उत्तर दिले नाही. त्यांची उत्तरे १२ किंवा १७ अशी होती. १२ लिहिणाऱ्यांनी '=' च्या पुढे 'उत्तर' लिहिले; १७ लिहिणाऱ्यांनी दिसेल तेवढ्या सगळ्यांची बेरीज केली. ही मुले मंद नव्हती. पाच वर्षे जे शिकवले गेले त्याच्याशी ती प्रामाणिक राहिली होती. कॅनडातील कॅरोलिन किअरन यांनी १९८१ मध्येच दाखवले होते की, '=' कडे कृतीची आज्ञा म्हणून पाहण्याची ही सवय माध्यमिक शाळेतही टिकून राहते.

आपल्या वर्गातील वह्यांत ही सवय एका विशिष्ट रूपात दिसते. २क्ष + ३ = ११ हे समीकरण सोडवताना विद्यार्थी लिहितो :

११ − ३ = ८ ÷ २ = ४

उत्तर बरोबर आहे. म्हणून शिक्षक बरोबरची खूण करून पुढे जातात. पण या ओळीचा अर्थ ११ − ३ म्हणजे ४ असा होतो, आणि ते खोटे आहे. खोटे विधान लिहून खरे उत्तर मिळाले, आणि त्याला गुणही मिळाले. म्हणजे लिहिलेल्या ओळीला अर्थ असावा लागतो ही अपेक्षाच संपली.

वेल्सच्या रॉबर्ट रेकॉर्ड याने १५५७ साली हे चिन्ह प्रथम छापले तेव्हा त्याने दोन समांतर सारख्या रेघा निवडल्या, कारण त्यांच्याइतक्या एकसारख्या दोन वस्तू दुसऱ्या नसतात असे त्याला वाटले. चिन्हाचा अर्थ त्याच्या आकारातच आहे. डावीकडे जे आहे तेवढेच उजवीकडे आहे. दोन्ही बाजूंचा मान सारखा. यात 'उत्तराची बाजू' अशी कोणतीच नाही. ११ = २क्ष + ३ असे लिहिले की वर्गातील काही मुले गोंधळतात, आणि आधी बाजूंची अदलाबदल करून घेतात. असा गोंधळ दिसला, तर '=' चा अर्थ अजून पोहोचला नाही असे शिक्षकांनी समजावे.

चुका एकाच कुळातल्या

वह्या तपासताना ज्या चुका दिसतात त्या निष्काळजीपणाच्या समजून 'लक्ष देऊन सोडवा' असा शेरा मारला जातो. पण त्या चुका एकत्र मांडून पाहिल्या, तर त्या एकाच कुळातल्या आहेत हे ध्यानात येते.

पहिले उदाहरण −३क्ष = १२. येथे विद्यार्थी क्ष = १२ + ३ = १५ असे लिहितो. वजा तीन पलीकडे गेले, अधिक तीन झाले. नियम तंतोतंत पाळला! दुसरा विद्यार्थी क्ष = १२ ÷ ३ = ४ असे लिहितो. गुणिलेचे भागिले केले आणि वर चिन्हही बदलले. त्यानेही नियम पाळला. खरे उत्तर −४ आहे. 'चिन्ह' या एका शब्दात आपण दोन वेगळ्या गोष्टी कोंबल्या : बेरीज-वजाबाकी-गुणाकार-भागाकार या क्रियांची चिन्हे आणि संख्या धन की ऋण हे सांगणारे चिन्ह. नियम सांगताना हा भेद सांगितला नाही, तर मुलाने तो कोठून ओळखावा?

दुसरे उदाहरण २(क्ष + ३) = १०. विद्यार्थी कंसातला ३ उचलून पलीकडे नेतो : २क्ष = १० − ३ = ७, म्हणून क्ष = ३.५. मूळ समीकरणात ही किंमत घालून पाहिली तर २ × ६.५ = १३ येतात, १० नाही. तिसरे उदाहरण क्ष/२ + ३ = ७. येथे 'भागिले २' पलीकडे गेले, 'गुणिले २' झाले; म्हणून क्ष + ३ = १४ आणि क्ष = ११. ताळा केला तर ५.५ + ३ = ८.५. पुन्हा चूक.

या दोन्ही चुकांत विद्यार्थ्याने संख्या ही वस्तू मानली आहे, जी हाताने उचलून कुठेही नेता येते. ती संख्या डाव्या बाजूत कोणत्या नात्याने बसली आहे, ती स्वतंत्र पद आहे, एखाद्या पदाचा गुणक आहे, की कंसाच्या आत अडकली आहे, याचा विचार त्याने केला नाही. आणि त्याला दोष तरी कसा द्यावा? 'नेणे', 'आणणे', 'पाठवणे', 'पलीकडे जाणे' हे सगळे शब्द वस्तूंचेच आहेत. आपली भाषाच त्याला फसवते.

भास्कराचार्यांचे घोडे

पक्षांतराचा नियम परंपरेतून आला आहे, असा एक समज आहे. परंपरा काय आहे ते पाहू.

आर्यभटाने इ.स. ४९९ च्या आपल्या ग्रंथातील गणितपादात एक नियम दिला आहे. दोन माणसांजवळ एकाच जातीच्या काही वस्तू आणि काही रोख नाणी आहेत. दोघांची एकूण संपत्ती समान आहे. तर नाण्यांमधील फरकाला वस्तूंमधील फरकाने भागावे, म्हणजे एका वस्तूची किंमत मिळते. आजच्या भाषेत, अज्ञात राशी दोन्ही बाजूंना असलेले हे एकघाती समीकरण आहे. ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मध्ये हाच नियम अव्यक्त आणि रूप हे शब्द वापरून सांगितला. दोघांच्याही नियमात 'फरक' आहे, 'नेणे' नाही. कोणतीही संख्या कोठेही जात नाही. दोन बाजूंची तुलना केली जाते.

इ.स. ११५० च्या सुमाराच्या भास्कराचार्यांच्या 'बीजगणित' या ग्रंथात याचे फार सुंदर उदाहरण आहे. एका माणसाजवळ ३०० रुपये आणि ६ घोडे आहेत. दुसऱ्याजवळ त्याच किमतीचे १० घोडे आहेत, पण त्याला १०० रुपये कर्ज आहे. दोघांची संपत्ती समान. तर घोड्याची किंमत काय?

घोड्याची किंमत क्ष मानली तर

६क्ष + ३०० = १०क्ष − १००

आता आपण पक्षांतर विसरू आणि त्या दोन माणसांकडे पाहू. दोघांची संपत्ती समान आहे. दोघांकडून सहा-सहा घोडे काढून घेतले, तरी ती समानच राहील :

३०० = ४क्ष − १००

आता दुसऱ्याच्या डोक्यावर १०० चे कर्ज आहे. ते फेडायला त्याला १०० रुपये दिले, तर समानता टिकवण्यासाठी पहिल्यालाही १०० दिले पाहिजेत :

४०० = ४क्ष

म्हणून घोड्याची किंमत १०० रुपये. ताळा करून पाहू. पहिल्याजवळ ६०० + ३०० = ९००; दुसऱ्याजवळ १००० − १०० = ९००. जमले.

येथे काय घडले ते नीट पाहावे. उजवीकडचे −१०० डावीकडे गेले नाही. ते जागच्या जागी फिटले. डावीकडे जे १०० दिसू लागले ते नवे आहेत, न्यायासाठी दिलेले. ज्याने फक्त आधीची आणि नंतरची ओळ पाहिली त्याला वाटेल की वजा शंभर उडी मारून पलीकडे गेले आणि वाटेत त्याचे चिन्ह बदलले. पक्षांतर म्हणजे हा दृष्टिभ्रम. मधली ओळ गाळल्यामुळे तो निर्माण होतो. मधली ओळ कोणती हे ज्याला ठाऊक आहे त्याने ती खुशाल गाळावी. ज्याला ती कधी दाखवलीच नाही त्याला तो भ्रम हेच सत्य वाटते.

भास्कराचार्य समीकरणाच्या बाजूंना 'पक्ष'च म्हणतात, आणि या क्रियेला 'समशोधन' म्हणतात. त्यांच्या मांडणीत बरोबरचे चिन्ह नव्हते. दोन्ही पक्ष एकाखाली एक लिहिले जात : अज्ञात राशीखाली अज्ञात राशी, रूपांखाली रूपे. अज्ञात राशीसाठी 'यावत्-तावत्' मधील 'या' हे अक्षर, आणि ऋण संख्येच्या डोक्यावर एक टिंब. वरील समीकरण असे दिसे :

या ६ रू ३००
या १० रू १०० (१०० वर ऋणाचे टिंब)

या मांडणीत पलीकडे नेण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. सजातीय पदे एकाखाली एक उभी असतात आणि आपण त्यांतील फरक पाहतो. वर्गात फळ्यावर एकदा अशी मांडणी करून पाहावी. चाळीसगावजवळच्या पाटण येथे इ.स. १२०७ चा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, स्थापन केलेल्या मठाला दिलेल्या दानाची नोंद त्यात आहे. म्हणजे हे गणित आठशे वर्षांपूर्वी आपल्याच मुलखात शिकवले जात होते.

'अल्जेब्रा' हा शब्द ज्याच्या ग्रंथाच्या नावावरून आला तो बगदादचा अल् ख्वारिझ्मी नवव्या शतकातला. त्याच्या 'अल् जब्र' या क्रियेचा अर्थ भरून काढणे, पूर्ववत करणे असा आहे. एका बाजूला काही कमी केलेले असेल, तर ती तूट भरून काढावी आणि तेवढेच दुसऱ्या बाजूलाही मिळवावे. 'अल् मुकाबला' म्हणजे दोन्हीकडची समान पदे समोरासमोर ठेवून काढून टाकणे. म्हणजे बीजगणिताच्या नावातच दोन्ही बाजूंना समान वागवण्याचे तत्त्व आहे. शिकवताना नाव ठेवले आणि तत्त्व सोडले, असे आपले झाले आहे.

तराजू चांगला, पण पुरेसा नाही

यावर अनेक शिक्षक म्हणतील की आम्ही तराजू दाखवतोच. तराजू दाखवणे चांगले. पण त्याच्याही मर्यादा ओळखायला हव्यात.

एक तर वाण्याच्या दुकानात आता आकडे दाखवणारा काटा असतो. त्याला दोन पारडी नसतात. ज्या मुलाने पारड्यांचा तराजू हाताळलेला नाही त्याला तो समीकरणाइतकाच परका असतो. दुसरे, क्ष + ५ = ३ हे समीकरण तराजूवर मांडता येत नाही, कारण पारड्यात ऋण वजन ठेवता येत नाही. ४क्ष − १०० हेही तराजूवर अवघडच. येथे भास्कराचार्यांचे कर्ज जास्त उपयोगी पडते. कर्ज म्हणजे काय हे मुलांना, विशेषतः शेतकऱ्याच्या मुलांना, समजावून सांगावे लागत नाही. आरंभीची चारसहा उदाहरणे तराजूवर, नंतरची उसनवारीवर, आणि मग दोन्ही सोडून केवळ समानतेवर असा क्रम ठेवावा.

उलट क्रमाने सोडवण्याची रीतही अशीच थोड्या अंतरापर्यंत साथ देते. भाकरी फडक्यात बांधली, फडके डब्यात ठेवले, डबा पिशवीत घातला. काढताना आधी डबा, मग फडके, मग भाकरी. २क्ष + ३ = ११ मध्ये क्ष ची आधी दुप्पट केली, मग ३ मिळवले; म्हणून आधी ३ वजा करायचे, मग २ ने भागायचे. ही रीत मुलांना पटते. पण ६क्ष + ३०० = १०क्ष − १०० येथे ती थांबते, कारण उलट जाण्यासाठी दुसऱ्या टोकाला माहीत असलेली संख्याच नाही. मेक्सिकोतील फिलॉय आणि रोहानो यांनी १९८९ मधील आपल्या लेखात नेमके याच जागी अंकगणित आणि बीजगणित यांच्यामधली फट दाखवली. अज्ञात राशी एकाच बाजूला असेल तर मूल अंकगणितावर निभावून नेते. ती दोन्ही बाजूंना आली की अज्ञात राशीवरच क्रिया करावी लागते. ज्या संख्येची किंमत ठाऊक नाही ती वजा करावी लागते. ही मोठी झेप आहे. बहुतेक वर्गांत ती 'क्षची पदे डावीकडे आणा' या एका वाक्यात उरकली जाते.

नियम पाळूनही अडचण

पक्षांतर पाठ केलेल्या विद्यार्थ्याची खरी परीक्षा पुढील दोन समीकरणांत होते :

क्ष + ३ = क्ष + ५
२(क्ष + ३) = २क्ष + ६

पहिल्यात दोन्हीकडून क्ष वजा केला की ३ = ५ असे उरते. दुसऱ्यात ६ = ६ असे उरते. दोन्ही ठिकाणी क्ष नाहीसा झालेला पाहून विद्यार्थी गडबडतो आणि बहुधा 'क्ष = ०' असे लिहून मोकळा होतो. समीकरण म्हणजे अट, हे ज्याला कळले आहे तो वेगळे बोलेल. 'एखादी संख्या ही अट पाळते असे मानले, तर ३ आणि ५ समान निघतात. म्हणून अशी संख्या असूच शकत नाही.' आणि दुसऱ्याविषयी : 'कोणतीही संख्या घ्या, अट पाळली जाते.' ही दोन उदाहरणे प्रत्येक वर्गात सोडवून घ्यावीत. समीकरण सोडवणे म्हणजे उत्तर काढणे नव्हे, अट पूर्ण करणाऱ्या सर्व संख्या शोधणे, हे या उदाहरणांइतके स्पष्ट दुसऱ्या कशानेही होत नाही.

वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांसाठी याच्या पुढची पायरी आहे. ५क्ष = ३क्ष हे समीकरण घ्या. दोन्ही बाजूंना क्ष ने भागले तर ५ = ३ मिळते आणि 'उकल नाही' असा निष्कर्ष निघतो. पण क्ष = ० ही उकल उघड्या डोळ्यांनी दिसते. चूक ही की क्ष शून्य असेल तर त्याने भागताच येत नाही. आता दुसरे उदाहरण :

क्ष/(क्ष − २) = २/(क्ष − २)

दोन्ही बाजूंना (क्ष − २) ने गुणले की क्ष = २ मिळते. तिरकस गुणाकाराने तर वर्गसमीकरण येते आणि त्याचेही एकमेव उत्तर २ हेच. पण ही किंमत मूळ समीकरणात घातली तर छेद शून्य होतो. म्हणजे उकल नाही!

यावरून कळते की 'दोन्ही बाजूंवर समान क्रिया करा' हेही वाक्य अपुरे आहे. समान क्रियेने समानता टिकते हे खरे. पण आपल्याला त्याच वाटेने परतही येता आले पाहिजे. ५ मिळवले तर ५ वजा करून परत येता येते. ३ ने गुणले तर ३ ने भागून परत येता येते. शून्याने गुणले तर मात्र परतीची वाट बंद होते : ० = ० वरून मागे काय होते ते सांगता येत नाही. म्हणून समीकरणाच्या प्रत्येक ओळीला दोन प्रश्न विचारावेत. वरच्या ओळीवरून ही ओळ निघते का? आणि या ओळीवरून वरची ओळ निघते का? दोन्हींचे उत्तर 'हो' असेल तरच दोन्ही ओळींच्या उकली त्याच असतात. 'चिन्ह बदलते' या मंत्रात हे दोन्ही प्रश्न विचारायला जागाच नाही.

विज्ञानाच्या तासाला याची किंमत

आमचा या विषयाशी संबंध विज्ञानामुळे येतो. विज्ञानाची सूत्रे म्हणजे समीकरणेच, आणि त्यांतून हवी ती राशी वेगळी काढणे हे रोजचे काम. फॅरनहाइट आणि सेल्सिअस यांचे सूत्र घ्या :

फ = (९/५)स + ३२

यातून स काढायला सांगितले की पक्षांतर करणारा विद्यार्थी पुष्कळदा असे लिहितो :

स = (५/९)फ − ३२

नऊ-पंचमांश पलीकडे गेले, पाच-नवमांश झाले. अधिक ३२ पलीकडे गेले, वजा ३२ झाले. नियमाप्रमाणे सारे ठीक. आता माणसाच्या शरीराचे नेहमीचे तापमान, ९८.६ अंश फॅरनहाइट, यात घालून पाहा. उत्तर सुमारे २२.८ अंश सेल्सिअस येते. निरोगी माणूस थंडगार ठरतो! खरे सूत्र स = (५/९)(फ − ३२), आणि त्याने ३७ येतात. दोन्हीकडून आधी ३२ वजा केले असते आणि मग संपूर्ण बाजूला ५/९ ने गुणले असते, तर कंस आपोआप आला असता.

याच सूत्रावर आणखी एक प्रश्न विचारण्यासारखा आहे. दोन्ही मापांवर एकच आकडा दाखवणारे तापमान कोणते? क्ष = (९/५)क्ष + ३२. दोन्ही बाजूंतून (९/५)क्ष वजा केले की −(४/५)क्ष = ३२, दोन्ही बाजूंना ५ ने गुणले की −४क्ष = १६०, आणि −४ ने भागले की क्ष = −४०. अज्ञात राशी दोन्हीकडे, अपूर्णांक, ऋण सहगुणक आणि ऋण उत्तर. आणि उत्तर खरे जगाविषयी काही सांगणारे. विज्ञान आणि गणित शिकवणाऱ्या दोघा शिक्षकांनी मिळून एक तास या एका उदाहरणावर घालवला, तर तो वाया जाणार नाही.

'वेळ नाही' या आक्षेपाविषयी

शिक्षकांची अडचण आम्हांला कळते. अभ्यासक्रम मोठा, वर्गात साठ-साठ विद्यार्थी, आणि परीक्षा समोर. दोन्ही बाजूंवर क्रिया लिहीत बसलो तर प्रत्येक उदाहरणाला दोन ओळी जास्त लागतात. पक्षांतराने काम लवकर होते.

पण हिशेब पूर्ण मांडायला हवा. आठवीत वाचवलेल्या ओळींची परतफेड नववीत, दहावीत आणि पुढे विज्ञान शाखेत करावी लागते, तीही व्याजासकट. दोन चलांची समीकरणे, सूत्रांतून राशी काढणे, असमानता हे सारे याच पायावर उभे आहे. असमानतेत तर ऋण संख्येने गुणले की चिन्हाची दिशाच उलटते. तेथे आणखी एक नवा मंत्र द्यावा लागतो, आणि दोन मंत्र एकमेकांत मिसळतात. शिवाय सर्वांत मोठे नुकसान या हिशेबात धरलेलेच नाही. ज्या विद्यार्थ्याला 'का?' विचारल्यावर 'नियम आहे' हे उत्तर मिळते तो हळूहळू विचारणे सोडतो. गणित ही पटवून घेण्याची नव्हे तर पाठ करण्याची गोष्ट आहे, असा निर्णय तो तेराव्या-चौदाव्या वर्षी घेतो आणि पुढे आयुष्यभर 'मला गणित जमत नाही' असे सांगत राहतो. त्याला गणित जमले की नाही हे आपल्याला कधीच कळत नाही. कारण त्याच्यासमोर गणित आलेलेच नसते.

काय करता येईल? खर्च काहीच नाही. पहिले आठ-दहा तास 'पलीकडे' हा शब्द वर्गातून हद्दपार करावा. त्याऐवजी प्रत्येक ओळीच्या उजव्या कडेला 'दोन्ही बाजूंतून ५ वजा', 'दोन्ही बाजूंना ३ ने भागून' असे कारण लिहायला लावावे. सोडवण्याआधी समीकरण मराठीत वाचून घ्यावे : 'एका संख्येच्या तिपटीत पाच मिळवले तर वीस होतात, ती संख्या कोणती?' उत्तर आले की ते मूळ समीकरणात घालून ताळा करायची सक्ती असावी, मग परीक्षेत त्याला वेगळे गुण असोत वा नसोत. ताळा करणारा विद्यार्थी आपले उत्तर बरोबर आहे की नाही हे शिक्षकांना न विचारता ठरवू शकतो. शाळेत हे स्वातंत्र्य देणारे विषय फार थोडे आहेत.

आणखी एक खेळ घ्यावा. क्ष = ४ असे लिहून मुलांनाच समीकरण अवघड करत न्यायला सांगावे. ३क्ष = १२; ३क्ष + ५ = १७; ५क्ष + ५ = २क्ष + १७. मग ते शेजाऱ्याला सोडवायला द्यावे. ज्याने स्वतः समीकरण बांधले आहे त्याला ते उलगडण्यात जादू वाटत नाही. कधी कधी पूर्ण सोडवलेले पण चुकलेले उदाहरण फळ्यावर लिहून 'पहिली खोटी ओळ कोणती?' असे विचारावे. वर वर्णिलेल्या चुका त्यासाठी तयारच आहेत.

असे केले की तीनचार आठवड्यांत एखादा विद्यार्थी आपण होऊन म्हणेल, 'सर, मधली ओळ लिहायलाच हवी का? ही संख्या इथून जाते आणि तिथे उलट्या क्रियेने येते, हे दिसतेच आहे.' तेव्हा त्याला मधली ओळ गाळायची परवानगी द्यावी. तोवर तो नियम पुस्तकाचा राहिलेला नसतो. त्याने स्वतः शोधलेला असतो, आणि तो कोठे लागू पडत नाही हेही त्याला ठाऊक असते.